निविदा, फळा आणि वर्गखोली

शाळेच्या वर्गखोलीसाठी परस्परसंवादी फळा निवडणे हा वरवर पाहता खरेदीचा प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो खरेदीचा प्रश्न म्हणूनच सोडवला जातो: निधी मंजूर होतो, तो 31 मार्चच्या आत खर्ची पडणे आवश्यक असते, तांत्रिक तपशिलाचा एक तयार तक्ता कुठून तरी हाती येतो, निविदा निघते, सर्वांत कमी दराचा पुरवठादार ठरतो, आणि जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा भिंतीवर काळे चकचकीत पॅनेल लागलेले असते. या साखळीत, ज्याने त्या फळ्यावर रोज लिहायचे त्या शिक्षकाचा प्रवेश सर्वांत शेवटी, म्हणजे भिंतीला भोके पाडून झाल्यावर होतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की फळ्याची निवड निविदा उघडण्याच्या दिवशी होत नसून तांत्रिक तपशिलाचा तक्ता लिहिला जातो त्याच वेळी होऊन गेलेली असते, आणि हा तक्ता ज्या खोलीत फळा लागायचा त्या खोलीत, तेथे शिकवणाऱ्या व्यक्तीच्या सहभागाने लिहिला गेला नाही, तर कितीही महागडे यंत्र घेतले तरी ते शिकवण्याच्या उपयोगी पडेल याची खात्री देता येत नाही.

परस्परसंवादी फळा ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे. ज्या पृष्ठभागावर संगणकाचे चित्र दिसते आणि त्याच पृष्ठभागाला बोटाने किंवा लेखणीने स्पर्श करून त्या चित्रात फेरफार करता येतो, अशी सर्व साधने तीत येतात. शाळांत रूढ असलेले 'स्मार्ट बोर्ड' हे नाव मुळात कॅनडातील कॅलगरी येथील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने 1991 साली बाजारात आणलेल्या उत्पादनाचे आहे. त्या पिढीचा फळा स्वतः प्रकाशमान नव्हता. समोरून प्रोजेक्टरने टाकलेले चित्र तो झेलत असे आणि त्याच्या पृष्ठभागाखाली किंचित अंतराने ताणलेले दोन पापुद्रे बोटाच्या दाबाने एकमेकांना टेकले, की टेकल्याची जागा संगणकाला कळत असे. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील प्रोमिथियन कंपनीने दुसरा मार्ग घेतला: फळ्याच्या आत तारांची बारीक जाळी आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात ओळखली जाणारी खास लेखणी. पहिल्या प्रकारात बोट चालते पण पृष्ठभागावर ओरखडे पडतात. दुसऱ्यात पृष्ठभाग टणक असतो, मात्र लेखणी हरवली की फळा मुका होतो. पुढे साध्या पांढऱ्या फळ्याच्या कडेला चिकटवायची पट्टी आली, जी अवरक्त किरण आणि श्राव्यातीत ध्वनी यांच्या साहाय्याने लेखणीची जागा शोधते. 2007 च्या अखेरीस जॉनी ली या तरुण संशोधकाने तर निन्टेन्डो कंपनीच्या वी या खेळयंत्राचा हातातला रिमोट आणि अवरक्त दिवा बसवलेली घरगुती लेखणी एवढ्यावर चालणारा फळा करून दाखवला आणि त्याची आज्ञावली सर्वांना विनामूल्य दिली. ज्यांना या साधनाची किंमत हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा वाटतो, त्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

आज बाजारात प्रामुख्याने मिळते ते सपाट पॅनेल, म्हणजे एक मोठा दूरदर्शनसंच, ज्याच्या चौकटीत अवरक्त किरण सोडणारे दिवे आणि समोरच्या बाजूला ते टिपणारे संवेदक यांची रांग बसवलेली असते. काचेच्या पृष्ठभागालगत किरणांचे अदृश्य जाळे तयार होते आणि बोट आडवे आले की कोणते उभे व कोणते आडवे किरण अडले यावरून त्याची जागा ठरते. या रचनेतून पुढे येणारे गुणदोष खरेदीच्या तक्त्यात क्वचितच आढळतात, म्हणून त्यांचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

तत्पूर्वी, हे साधन ज्या देशाने सर्वांत आधी आणि सर्वांत उत्साहाने सरकारी खर्चाने शाळाशाळांत पोचवले, त्या इंग्लंडचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. 2004 च्या जानेवारीत तत्कालीन शिक्षणमंत्री चार्ल्स क्लार्क यांनी परस्परसंवादी फळ्यांसाठी अडीच कोटी पौंडांची वाढीव तरतूद जाहीर केली. त्याआधीच लंडनमधील माध्यमिक शाळांसाठी आणि निवडक भागांतील प्राथमिक शाळांसाठी स्वतंत्र योजना सुरू झाल्या होत्या. लंडनमधील योजनेचे मूल्यमापन लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेने केले आणि त्याचा अहवाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. फळे बसवल्यामुळे विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील संपादणुकीत वाढ झाल्याचा सांख्यिकीय पुरावा त्या मूल्यमापनास मिळाला नाही. त्याच अहवालातील एक निरीक्षण मात्र आकड्यांपेक्षा बोलके आहे: संथ गतीने शिकणाऱ्या मुलांच्या तुकड्यांत, परस्परसंवाद साधायचा म्हणून एकेका मुलाला फळ्यापाशी बोलावले जाई आणि तेवढा वेळ बाकीचा वर्ग नुसता बसून राही, परिणामी तासाची गती वाढण्याऐवजी मंदावे. प्राथमिक शाळांतील वर्गनिरीक्षणावर आधारलेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाला असे आढळले, की फळ्यामुळे तास वेगवान झाला तरी शिक्षकाने प्रश्न विचारायचा, मुलाने एका शब्दात उत्तर द्यायचे आणि शिक्षकाने 'बरोबर' म्हणून पुढे जायचे, हा जुना साचा तसाच राहिला व गटकार्य कमी झाले. याउलट, प्राथमिक शाळांच्या योजनेच्या 2007 मधील मूल्यमापनात चांगले परिणाम नोंदवले गेले, पण ते प्रामुख्याने अशा वर्गांत, जेथे शिक्षकाला तोच फळा सलग दोन वर्षे वापरायला मिळाला होता. या तीन निष्कर्षांत वरवर दिसणारा विरोध खरा नाही. फळा सरावाचा झाला, त्याच्याशी झटापट करण्यात तास जाईनासा झाला, की मगच तो शिकवण्याच्या उपयोगी पडू लागतो. आणि हा सराव होण्याआधी यंत्र बिघडले किंवा शिक्षकाची बदली झाली, तर केलेला खर्च वाया जातो.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच असे मांडले होते, की माध्यम हे शिकवणे पोचवणारे वाहन आहे आणि किराणा आणणाऱ्या मालमोटारीमुळे जेवणाचे पोषण वाढत नाही. या मतावर पुष्कळ वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माध्यमाने काही गोष्टी शक्य होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्तुळाची त्रिज्या बोटाने वाढवत जाताना परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर पडद्यावर स्थिर राहिलेले पाहणे, किंवा भीमा नदीचा भीमाशंकरपासून कृष्णेला मिळेपर्यंतचा प्रवाह उपग्रहचित्रावर सरकवत पाहणे, हे खडूने साधत नाही. परंतु वर्षाच्या दोनशेहून अधिक दिवसांत असे प्रसंग किती येतात, आणि उरलेल्या काळात त्याच भिंतीवर काय घडायचे असते, हा हिशेब निवडीपूर्वी मांडला गेला पाहिजे.

भारतात शाळेच्या भिंतीचा राष्ट्रीय धोरणात प्रवेश झाला तो 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर, 1987 साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेच्या रूपाने. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन धड खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, एवढीच तिची माफक अपेक्षा होती. संगणकाची सुरुवात त्याहून थोडी आधीची: 1984 मध्ये निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक देऊन संगणकसाक्षरतेचा प्रकल्प आखण्यात आला. 2019 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जाहीर केलेल्या 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड'चे नाव जुन्या मोहिमेची आठवण मुद्दाम जागवणारे आहे. जुन्या मोहिमेत मात्र फळ्याच्या बरोबरीने खोली आणि शिक्षक मोजलेले होते, ही गोष्ट नव्या नावाच्या उत्साहात मागे पडू नये.

महाराष्ट्रात या विषयाला चालना मिळाली ती सरकारी खरेदीपेक्षा शिक्षकांच्या पुढाकाराने. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला त्या सुमारास ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे नाव राज्यभर झाले. कमी खर्चात स्पर्शाने चालणारा पडदा तेथे वापरात होता आणि तो पाहून गेलेल्या शिक्षकांनी आपापल्या गावी लोकवर्गणी काढून तसाच प्रयोग केला. या काळात गावाने शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिल्याची उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांत घडली. त्या चळवळीचे श्रेय निर्विवाद आहे, परंतु तिची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे: साधन शाळेचे असले तरी त्याचे ज्ञान एकाच शिक्षकापाशी राहिले, आणि 2017 पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्यावर तो शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला की, कोणती वायर कुठे जोडायची हे सांगणारे कोणी उरत नाही. प्रोजेक्टर कपाटात जातो, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे.

केरळने वेगळा मार्ग चोखाळला. तेथील 'काईट' या शासकीय संस्थेने 4,752 शाळांतील आठवी ते बारावीच्या सुमारे 45,000 वर्गखोल्या सुसज्ज केल्या, पण त्यांपैकी बहुतेक खोल्यांत परस्परसंवादी फळा बसवला नाही. लॅपटॉप, छताला प्रोजेक्टर आणि समोर पडदा किंवा पांढरी रंगवलेली भिंत एवढेच दिले. उरलेली शक्ती तीन गोष्टींवर खर्च केली: मुक्त आज्ञावली, शिक्षकांचे प्रशिक्षण, आणि पुरवठादाराशी केलेला पाच वर्षांच्या हमीचा करार, ज्यात तक्रार ठरल्या मुदतीत न मिटल्यास दंडाची तरतूद होती. स्पर्शाची सोय सोडून दुरुस्तीची हमी घेणे, हा व्यवहार शहाणपणाचा होता असे म्हणण्यास जागा आहे, आणि ज्या शाळेत अद्याप काहीच नाही तिने पॅनेलचा मोह धरण्याआधी या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा, असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे.

तथापि पॅनेल घ्यायचे ठरलेच, तर तक्त्यात काय लिहावे? प्रचलित तक्त्यांत आढळतात त्या बाबी अशा: पडद्याचा आकार, चित्रकणांची संख्या, अंतर्गत स्मृती, एकाच वेळी ओळखल्या जाणाऱ्या स्पर्शबिंदूंची संख्या आणि दिव्याचे तासांतील आयुष्य. या सर्व बाबी मोजता येतात, दोन उत्पादनांत तुलना करता येते, लेखापरीक्षणात दाखवता येतात, म्हणूनच त्या तक्त्यात असतात. वीस स्पर्शबिंदू की चाळीस, यावरून एखादा पुरवठादार बाद होऊ शकतो. वास्तविक दीड मीटर रुंदीच्या काचेसमोर चार मुले दाटीवाटीने उभी राहिली की पाचव्याला जागा नसते.

आकाराचेच पाहावे. दृक्‌श्राव्य क्षेत्रात असा एक ठोकताळा प्रचलित आहे, की वाचण्याजोगा मजकूर दाखवायचा असेल तर शेवटचा प्रेक्षक चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसू नये. 65 इंची पॅनेलवरील चित्राची उंची सुमारे 81 सेंटीमीटर असते, म्हणजे पाच मीटरच्या अलीकडेच त्याची मर्यादा संपते. 75 इंचीची उंची 93 सेंटीमीटर, मर्यादा साडेपाच मीटरच्या आसपास. 86 इंचीची 107 सेंटीमीटर, मर्यादा साडेसहा मीटरला थोडी कमी. सात मीटर लांबीच्या खोलीत आखूड भिंतीवर 65 इंची पॅनेल लावले, तर मागच्या दोन ओळींतील मुलांना ते दूरदर्शनसंचासारखे दिसेल, फळ्यासारखे नाही. येथे स्वस्तात मिळणारा उपाय मोठे पॅनेल घेण्याचा नसून मुलांची बैठक लांब भिंतीकडे तोंड करून वळवण्याचा असू शकतो. परंतु खिडक्या कोणत्या बाजूला आहेत हे पाहिल्याशिवाय तो ठरवता येत नाही, आणि निविदेच्या तक्त्यात खिडकीचा रकाना नसतो. दुसरी तुलना अधिक डोळे उघडणारी आहे. आठ फूट लांब व चार फूट उंच अशा साध्या फळ्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तीन चौरस मीटर भरते, तर 75 इंची पॅनेलचे दीड चौरस मीटर. म्हणजे लिहिण्याची जागा निम्म्यावर आली. पॅनेलवर पाने उलटता येतात हे खरे, पण उलटलेले पान दिसत नाही. साध्या फळ्याच्या वरच्या पट्टीत वार, दिनांक, पट, हजर मुलांची संख्या आणि सुविचार असतो, डावीकडे सोडवलेले उदाहरण तास संपेपर्यंत तसेच राहते, आणि मागे राहिलेले मूल मान वर करून ते पुन्हा पाहू शकते. ही उजळणी मुलाने स्वतःच्या गतीने, कोणाला न विचारता केलेली असते, आणि पान उलटणाऱ्या पडद्यावर तिची सोय उरत नाही.

उंचीचाही प्रश्न आहे. पहिलीतील मुलाची उंची साधारण 110 ते 115 सेंटीमीटर असते आणि हात वर करून ते जेमतेम 135 ते 140 सेंटीमीटरपर्यंत पोचते. मागच्या मुलाला दिसावे म्हणून पॅनेलची खालची कड जमिनीपासून मीटरभर उंच लावली, तर सर्वांत लहान वर्गाच्या वाट्याला काचेचा खालचा कसाबसा 40 सेंटीमीटरचा पट्टा येतो. खुर्चीवर उभे करून मुलाला लिहायला लावणे हे परस्परसंवादाचे चित्र म्हणून छान दिसते; वर्गात रोज ते शक्य नाही.

स्पर्शाच्या बाबतीत तक्त्यांत लिहिलेले आणि हाताला जाणवणारे यांत सर्वाधिक अंतर आहे, आणि हे अंतर देवनागरी लिहिताना विशेषत्वाने उघड होते. अवरक्त किरणांचे जाळे काचेला चिकटलेले नसते, ते काचेपासून एकदोन मिलिमीटर पुढे तरंगत असते. परिणामी बोट काचेला टेकण्यापूर्वीच यंत्र त्याला टेकलेले समजते आणि उचलल्यानंतरही क्षणभर टेकलेलेच धरते. जोडून लिहायच्या रोमन लिपीत हा दोष फारसा जाणवत नाही, कारण लेखणी शब्दभर उचलावीच लागत नाही. देवनागरीत मात्र काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वाराचे टिंब आणि शेवटी अक्षरांच्या डोक्यावरून ओढलेली शिरोरेषा, असे लहान लहान तुटक फटकारे असतात. किरणांचे जाळे काचेपासून जास्त दूर असेल तर मात्रेचे टोक अनुस्वाराला चिकटते, टिंबाची शेपटी होते, आणि शिरोरेषा ओढण्यासाठी हात मागे नेताना आडवा ओरखडा उमटतो. शिवाय हे जाळे बोट आणि इतर वस्तू यांत भेद करत नाही: साडीचा पदर, ओढणीचे टोक, बांगडी, शर्टाची बाही, लिहिताना टेकलेली करंगळी, यांपैकी काहीही आडवे आले तरी ते लेखणीच ठरते. तळहात ओळखून वगळण्याची सोय काही यंत्रांत चांगली असते, काहींत नावापुरती. हा फरक माहितीपत्रकात कळत नाही. त्यासाठी पुरवठादाराच्या माणसाने नव्हे तर दुसरीच्या वर्गशिक्षिकेने, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या पोशाखात 'दऱ्याखोऱ्यांतून वाहणारी इंद्रायणी' एवढे शब्द पॅनेलवर लिहून पाहावेत आणि खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून ते कोणी तरी वाचावेत. या चाचणीला पाच मिनिटे पुरतात.

लिहिलेल्याइतकेच छापलेल्या अक्षरांकडेही पाहावे. अनेक यंत्रांत मुळात येणारा देवनागरी टंक हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवतो, तर महाराष्ट्र शासनाने 2009 च्या नोव्हेंबरात प्रमाण ठरवलेल्या वर्णमालेत मराठी वळणाची रूपे आहेत. अक्षरओळख शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकात एक 'ल' आणि भिंतीवर दुसरा, ही स्थिती बरी नाही. शाळांकडे वर्षानुवर्षे साठलेल्या प्रश्नपत्रिका व टाचणे जर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत असतील, तर नव्या यंत्रावर त्या निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन उमटतात, हेही आधीच माहीत असावे.

आज्ञावलीचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की शिक्षकाने तयार केलेला पाठ दुसऱ्या कंपनीच्या फळ्यावर उघडतो का. पहिल्या पिढीतील प्रत्येक मोठ्या कंपनीने स्वतःचा वेगळा पाठप्रकार ठेवला होता, आणि फळा बदलला की शिक्षकाचे कष्ट बुडत. या बंधनातून मोकळे करणारी 'ओपनबोर्ड' ही मुक्त आज्ञावली आहे. तिचे मूळ 2003 साली स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात आहे आणि पुढे जिनिव्हाच्या शिक्षण विभागाने तिची जोपासना केली. ती विंडोज व लिनक्सवर चालते, परंतु केवळ अँड्रॉइड असलेल्या पॅनेलवर चालत नाही. त्यासाठी पॅनेलच्या मागील खाचेत बसणारा स्वतंत्र संगणक घ्यावा लागतो किंवा शाळेचा लॅपटॉप जोडावा लागतो. यापैकी लॅपटॉप अधिक बरा, कारण पॅनेलमधील अँड्रॉइड चारपाच वर्षांत जुने होते आणि काच मात्र शाबूत असते. लॅपटॉप बदलता येतो, पॅनेलचे पोट बदलता येत नाही. पुरवठादार सोबत देऊ करतात त्या पाठ्यक्रमाच्या चित्रफितींविषयी एवढेच म्हणणे पुरे, की बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेत आणि 2017 पासून उपलब्ध असलेला 'दीक्षा' हा शासकीय मंच विनामूल्य असताना, दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे घेणारा आशय विकत घेण्यास फार सबळ कारण लागते.

विजेचा खर्च लोक समजतात तितका भयंकर नाही. 75 इंची पॅनेल सरासरी 200 वॉट वीज घेते असे धरले आणि शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ठरवलेल्या 220 दिवसांत ते रोज पाच तास चालवले, तर वर्षाला 220 युनिट होतात. खरी अडचण वीज असण्या-नसण्याची, दाब वरखाली होण्याची आणि अर्थिंगची आहे. शाळेचे अर्थिंग म्हणजे अनेकदा भिंतीतून बाहेर आलेली आणि मातीत कुठेच न पोचलेली एक तार असते. पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की पॅनेलचा मुख्य परिपथफलक जळतो आणि तो हमीत बसत नाही, कारण करारात अर्थिंगची जबाबदारी शाळेवर टाकलेली असते. म्हणून पॅनेलच्या आधी अर्थिंगचा खड्डा खणावा, आणि त्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

हवामानाचाही रकाना हवा. बहुतेक पॅनेल 40 अंश सेल्सिअसपर्यंत चालवण्यासाठी बनवलेली असतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात हे खरे असले, तरी एप्रिलमधील दुपारी पत्र्याच्या छताखाली ही मर्यादा सहज ओलांडली जाते. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांची ओल जोडण्यांना गंज आणते. पश्चिमेची खिडकी असेल तर उतरत्या उन्हातील अवरक्त किरण थेट चौकटीवर पडून स्पर्श भलतीकडेच उमटू लागतात. चौकटीच्या खाचेत खडूची पूड साचली किंवा पावसाळ्यात दिव्याकडे आलेला किडा काचेवर बसला, तरी तोच प्रकार घडतो. यावरून असा निष्कर्ष काढला जातो, की पॅनेल आले म्हणजे खडूचा फळा काढून टाकावा. तो चुकीचा आहे. खडूचा फळा लगतच्या काटकोनातील भिंतीवर हलवावा, पूड पॅनेलपर्यंत येणार नाही एवढे अंतर ठेवावे, आणि दिनांक, पट, उदाहरण यांची सोय तेथेच राहू द्यावी. वीज गेली तर तास तेथे चालू राहतो. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या शाळेत तर या दुसऱ्या फळ्याशिवाय भागतच नाही, कारण एक इयत्ता पॅनेलसमोर बसलेली असताना दुसरीला त्याच खोलीत काही तरी लिहून द्यावे लागते.

पैशाच्या वाटणीबद्दल समग्र शिक्षा योजनेच्या निकषांतील एक प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे: दोन स्मार्ट वर्गखोल्यांसाठी एकवेळचे 2.40 लाख रुपये आणि आवर्ती खर्चासाठी 0.38 लाख रुपये. म्हणजे खरेदीच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतकी रक्कम वर्षाच्या चालू खर्चाला लागते, हे धोरणकर्त्यांनी मान्य केले आहे. लोकवर्गणीतून, आमदार निधीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वातून येणाऱ्या पॅनेलच्या बाबतीत हा सहावा हिस्सा कोणीच देत नाही. देणगीदाराला उद्‌घाटन हवे असते, दुरुस्तीच्या बिलावर नाव कोरता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने देणगी स्वीकारताना पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम सोबत मागावी, आणि ती मिळत नसेल तर पॅनेलऐवजी प्रोजेक्टर घ्यावा, किंवा पॅनेल एकच घ्यावे.

खरेदीच्या करारात घालता येण्याजोग्या अटींपैकी दोन अटी विशेष गुणकारी ठरतील. पहिली अशी, की प्रशिक्षण एका निवडलेल्या 'तंत्रस्नेही' शिक्षकाला न देता शाळेतील सर्व शिक्षकांना त्याच शाळेत, त्याच पॅनेलवर द्यावे, आणि बदल्या झाल्या की पुढील जूनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी ते विनामूल्य पुन्हा द्यावे. सोबत कोणती वायर कोठे, आवाज येत नसेल तर काय, हे मराठीत लिहिलेला एक कागद पॅनेलच्या बाजूला भिंतीवर चिकटवावा. दुसरी अट पैशाची. संपूर्ण रक्कम पॅनेल लागल्याच्या दिवशी न देता तिचा एक भाग राखून ठेवावा आणि तो एक संपूर्ण पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरमध्ये, वर्गशिक्षकाने भरलेल्या नमुन्यावरून द्यावा. या नमुन्यात स्मृती किंवा चित्रकण यांचा उल्लेख नको. जूनपासून किती दिवस पॅनेल चालले, बिघाडाची तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला, शेवटच्या ओळीतील मुलाला अक्षर वाचता येते का आणि लिहिताना ओरखडे उठतात का, एवढे चार प्रश्न पुरतील. त्याखाली वर्गशिक्षकाची स्वाक्षरी, आणि ती असल्याशिवाय देयक पुढे जाऊ नये.